बेटावर जायचे, तर मुक्काम कुठे टाकावा?



पंढरपूरला किंवा तुळजापूरला निघताना मुक्कामाची चिंता आपण कधी करीत नाही. धर्मशाळा असते, मठ असतो, कोणीतरी पाहुणा निघतोच. काहीच जमले नाही तर देवळाच्या ओवरीत पथारी पसरता येते. बेटाची गोष्ट वेगळी आहे. जागा मनाला आली नाही म्हणून पुढच्या गावाला निघू म्हटले, तर पुढचे गाव समुद्रापलीकडे आणि बोट उद्या सकाळी. म्हणून बेटावर काय बघायचे हे नंतर ठरवले तरी चालते, पण कुठे उतरायचे हे घरी बसूनच ठरवावे लागते.

हे आज लिहायला कारण आहे. मी शेतीखात्यातला माणूस. गावात गेलो की लोक बियाणे, फवारणी, पीकविमा यांबद्दल विचारतात. पण अलीकडे शेतकरी गटातली, बचत गटातली मंडळी आणखी एक प्रश्न हळूच विचारतात, "साहेब, तुम्ही अंदमानला जाऊन आलात म्हणे. आम्हीही वर्गणी काढतोय. राहायचं कुठं?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा सगळे लिहून टाकावे. त्यात आमची एक चूकही आहे. ती मुख्यतः माझीच होती आणि तुम्ही ती करू नये.

आम्ही पाच घरची सोळा माणसे गेलो होतो, 2025 च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिन झाल्यावर. तूर घरात आली होती, ज्वारी हुरड्यात होती, राखणीला घरोघरी एकेक माणूस ठेवले होते. दोन वर्षे दर महिन्याला गटाच्या पेटीत पैसे टाकून हा खर्च उभा केला होता. कोणाचे दूध, कोणाच्या शेळ्या, कोणाची शिलाई. सोळांत दोन शाळकरी मुले होती आणि एक तात्यांची आई होती. वय शहात्तर. गाव तिला मोठी आई म्हणते. तिचे मालक शिकलेले नव्हते, पण सावरकरांची काळ्या पाण्याची हकिगत पारावर बसून सांगायचे. "ती कोठडी एकदा डोळ्यानं बघायची," असे ते म्हणत राहिले आणि बघायच्या आधीच गेले. आता मोठी आई त्यांच्या वाटचे बघायला निघाली होती. दोन्ही गुडघे मात्र तिला न विचारता वागतात.

सोलापूरहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून दोन तासांचे विमान असे आम्ही गेलो. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून जहाजही आहे, पण त्याला सुमारे तीन दिवस लागतात. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पोटातले ढवळत नाही त्यांनी तो विचार करावा. अंदमान-निकोबारची बेटे आणि खडक मिळून संख्या 800 च्या वर जाते, पण वस्ती असलेली बेटे 30 च्या आसपास. त्यातली आपल्यासारख्यांच्या सहलीची तीनच समजा. पहिले राजधानीचे शहर पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजय पुरम झाले. दुसरे हॅवलॉक आणि तिसरे नील. या दोघांची नावे डिसेंबर 2018 मध्ये अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. रिक्षावाल्यांच्या आणि बोटवाल्यांच्या तोंडी जुनी नावेही आहेत, म्हणून दोन्ही ठाऊक असू द्यावीत. या तीन ठिकाणी जायला आपल्याला वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र बोटीला, लॉजला सगळीकडे लागते. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स करून एका पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी विसरभोळ्या माणसाकडे देऊ नये.

पहिला मुक्काम शहरात. इथे दोन मते पडतात. एक मत, शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर समुद्रकाठी उतरावे. दुसरे, भर बाजारात. मोबाईलवर फोटो बघितले की पहिले मत जिंकते. मी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहिलो आणि ते बरोबर ठरले. अबर्डीन बाजार म्हणून शहराचा मध्य आहे. आजूबाजूला साधी लॉज आहेत. इडली-डोसा, भात-आमटी मिळते, औषधाचे दुकान हाकेवर आहे आणि सेल्युलर जेल तेथून पायी जाण्याजोगे आहे. खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या दुकानाची पाटी दिसते. पण सकाळी नऊला निघून दुपारी परत येऊन पडता येते, हा फायदा तुमच्या मंडळीत एकही म्हातारे माणूस असेल तर लाखमोलाचा आहे.

मोठ्या आईने ते जेल दोन वेळा पाहिले. सकाळी आम्ही तिला आतले दाखवले. 1896 ते 1906 या दहा वर्षांत इंग्रजांनी ही इमारत बांधली. मध्ये एक मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती, अशी मूळची रचना. त्यातल्या तीनच आता उभ्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये. 1979 मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झाले. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. 1911 मध्ये त्यांना येथे आणले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. जिना चढायला मोठ्या आईला बराच वेळ लागला. प्रत्येक वळणावर बसायची, पदराने तोंड पुसायची आणि "चला" म्हणायची. कोठडीत ती काही बोलली नाही. बोलली ती खाली, जिथे कैद्यांना जुंपत तो कोलू मांडून ठेवला आहे तिथे. आमच्या गावात तिच्या लहानपणी तेल्याचा घाणा होता. घाण्याला बैल असे, आणि बैलाला चक्कर येऊ नये म्हणून डोळ्याला झापड. ती कोलूकडे बघून म्हणाली, "बैलाला तरी दुपारी सोडत होते." रोजचे ठरलेले तेल निघाले नाही तर कैद्याला शिक्षा होई, हे आम्ही तिला सांगितले. नंतर लॉजवर येऊन ती दोन तास झोपली. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्याला ती पुन्हा आली आणि शेवटपर्यंत ताठ बसली. आठ किलोमीटर दूर उतरलो असतो तर संध्याकाळचे येणे तिला झाले नसते. हे सांगण्यासाठी एवढे लिहिले.

आता चुकीकडे येतो.

शहरापासून हॅवलॉक सरकारी बोटीने दोन-अडीच तास, खाजगी वेगवान बोटीने त्याहून कमी. या बेटावरच्या किनाऱ्यांना नावांबरोबर नंबरही आहेत. गोविंदनगर तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. बोटीचा धक्का आणि बाजार एका अंगाला, राधानगर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर. राधानगरचा किनारा नावाजलेला आहे आणि नावाजण्यासारखाच आहे. पांढरी वाळू, मागे उंच झाडी आणि सूर्य समोर पाण्यात बुडतो. विजयनगरचा किनारा पूर्वेकडे, तिथे सूर्य उगवताना दिसतो. पण ओहोटी लागली की पाणी लांब मागे सरते आणि खडक उघडे पडतात. पाण्यात डुंबू म्हणून गेलेली मंडळी नुसती बघत बसतात. फोटो भरतीच्या वेळी काढलेला असतो, एवढे लक्षात असू द्या.

आमच्यातले अण्णा आणि बापू यांचा हात थोडा सैल. एकाची द्राक्षबाग, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने फिरतो. त्यांच्या मुलांनी मोबाईलवर राधानगरच्या बाजूची एक जागा बघितली होती. झोपडीसारख्या खोल्या, वारा यायची गॅलरी, सगळे छान. भाडे आम्ही बाजारात धरलेल्या खोल्यांच्या पाचपट. अण्णा म्हणाले, "साहेब, वरचे पैसे आमचे आम्ही घालतो. गटावर बोजा नाही." हिशेबात त्यांचे काही चुकत नव्हते. मी गटप्रमुख म्हणून म्हटले, जाऊ दे, ज्याची त्याची हौस आहे. सहाजण तिकडे आणि दहाजण बाजारात, असे दोन रात्रींसाठी ठरले.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दहाजण रिक्षा करून राधानगरला गेलो. आमच्यातल्या एका वहिनींनी (त्यांचे घर पाचांत सगळ्यात बेताचे) लॉजवाल्याच्या चुलीवर बरोबर आणलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या होत्या. त्या सोळा माणसांच्या होत्या. चार दिवस भात खाऊन सगळे भाकरीला आसुसले होते. अण्णांच्या जागी बसून सगळ्यांनी मिळून खाऊ, असा त्यांचा बेत. फाटकावर रखवालदाराने अडवले. बाहेरच्यांना आत सोडायचे नाही असा तिथला नियम. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, नोकरी आहे त्याची. अण्णा धावत बाहेर आले. ओशाळले. वहिनींनी सहा माणसांच्या भाकऱ्या मोजून फडक्यात बांधल्या आणि फाटकातून त्यांच्या हातात दिल्या. "गरम आहेत तवर खा," एवढेच म्हणाल्या. राखणदाराला भाकरी पोचवताना बांधावर उभे राहून देतात ना, तसे ते दिसले. मला तेव्हाच कळले की काय करून बसलो आहोत.

त्यात अंधार पडला. आपली घड्याळे तिथेही आपलीच आहेत, पण बेटे पूर्वेला खूप लांब. आपल्याकडे त्या दिवसांत सव्वासहापर्यंत उजेड असतो, तिथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. सूर्यास्त बघून, भाकरीचे ते सगळे होऊन रस्त्यावर येईपर्यंत मिट्ट काळोख. आमच्या रिक्षा सोडून दिलेल्या आणि दुसरी एकही नाही. बारा किलोमीटरचा रस्ता, शेते आणि झाडी, आणि बरोबर मोठी आई. तास-दीड तास एका बंद टपरीच्या फळीवर तिला बसवून आम्ही उभे होतो. शेवटी मालाची एक रिकामी गाडी बाजाराकडे निघाली होती, तिने घेतले. मागे ताडपत्रीवर बसून आलो. मोठी आई म्हणाली, "बाजाराला आल्यासारखं वाटतंय." हसलो सगळे, पण वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी राधानगरला यायचे नाकारले. डोके दुखते म्हणाल्या.

पैसे कोणाचे हा प्रश्नच नव्हता. घरी आपण वेगवेगळ्या घरांत राहतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. सहलीत मात्र एका छपराखाली न राहणे लगेच डोळ्यांवर येते. ज्याचा खिसा सगळ्यात हलका त्याला झेपेल ती जागा सगळ्यांनी धरावी आणि ज्याला हौस असेल त्याने ती दिवसाउजेडी, चहापुरती भागवावी, असे आता माझे मत झाले आहे. कोणाला हे जुनाट वाटेल. वाटू द्या.

नीलला मी खोल्या आधी धरल्याच नव्हत्या. पण आता लॉजवाल्याकडून चौकशी करून एक घर मिळवले. लहानसे बेट आहे हे, लांबी पाच किलोमीटरच्या आसपास. गावांची आणि किनाऱ्यांची नावे रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. एका बंगाली शेतकऱ्याचे घर आणि मागे सुपारीच्या बागेत बांधलेल्या पाच खोल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना अंदमानात जमिनी देऊन वसवले, त्यांतलेच हे एक. घरधनी चांगले हिंदी बोलत. समुद्र दिसत नव्हता, चालत गेले की लागत होता. फोनवर त्यांनी भाडे सांगायच्या आधी मला विचारले, "माणसे किती? सोळा? मग पाण्याचं ठरवून बोलू."

इथे थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या लोकांना चटकन कळेल. अंदमानात पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पडतो. आमच्याकडे त्याचा पाचवा हिस्सा पडला तर आम्ही वर्ष चांगले म्हणतो. पण तो मे ते डिसेंबर पडतो आणि उताराने समुद्रात जातो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस, नेमके आपल्यासारख्यांच्या गर्दीचे. तेव्हा गोड्या पाण्याची ओढ लागते. चारी बाजूंनी पाणी आणि न्हाणीत दोन बादल्या! म्हणून बेटावर जागा धरताना समुद्र किती दूर हे विचारण्याआधी टाकी केवढी, पाणी किती वेळ येते, वीज गेली तर मोटर कशावर चालते, हे विचारा. खोली तळमजल्याची आहे का आणि संडास बैठ्या पद्धतीचा की खुर्चीचा हेही विचारा. लाजू नका. गुडघे दुखणाऱ्याच्या सहलीचे सुख या एका गोष्टीवर असते.

त्या घरी आम्ही ठरवून घेतले, माणशी सकाळी एक बादली. कपडे शहरात गेल्यावर धुवायचे. पहिल्या संध्याकाळी अंगणात चूल पेटली. वहिनी आणि घरधनीण यांची भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण वांगे कसे चिरतात यावरून दोघींत बराच वेळ चर्चा चालली. अण्णा स्वतः उठून पाणी भरत होते. कोणी काही बोलले नाही आणि बोलायची गरजही नव्हती.

नीलला अंदमानची भाजीची परडी म्हणतात. शेतकरी माणसाने एका बेटावर जास्त रात्री काढायच्या असतील तर त्या इथेच काढाव्यात असे मी सांगेन. भातानंतरच्या रिकाम्या खाचरांत आणि बांधांवर भाजीपाला. मांडवावर दुधी आणि कारली, खाली वांगी, भेंडी, मुळा. माल बोटीने शहराकडे जातो. बोट चुकली की भाव चुकला, हे तिथल्या शेतकऱ्याचे दुखणे. आपल्या दुधाच्या गाडीसारखेच. बापूंनी घरधन्याला कीड कोणती विचारली तेव्हा त्याने बांधाखालचे पान उलटून गोगलगाय दाखवली. तीच ती मोठी शंखी आफ्रिकन गोगलगाय. 2022 मध्ये लातूर, बीडकडे कोवळे सोयाबीन जिने साफ केले, ती तिथे फार वर्षांपासून ठाण मांडून आहे. मग रात्री पोत्याखाली गोळा करणे आणि मिठाच्या पाण्यात टाकणे यावर आमची अंगणात शेतीशाळाच भरली. जाताना मोठी आई पदराच्या गाठीतून गावरान घेवड्याचे बी काढून घरधनिणीला द्यायला लागली. मला तिला आवरावे लागले. बियाबरोबर कीड-रोग नव्या बेटावर जातो आणि मग निघत नाही. ती माझ्यावर थोडी रागावली. त्या दिवशी साहेबकी दाखवल्याबद्दल मला अजून ऐकावे लागते. (शेतीची आवड असणाऱ्यांनी शहराजवळ गाराचरमा येथे 1978 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय शेती संशोधन संस्था आहे, तिथे भेटीची परवानगी आधी विचारून ठेवावी.)

लक्ष्मणपूरला समुद्राने कोरलेली दगडाची कमान आहे. ती ओहोटीतच नीट जवळून बघता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर आज जाऊ नका, घरधन्याला विचारा. शेतकऱ्याच्या घरी उतरण्याचा हा आणखी एक फायदा. त्याला ते तोंडपाठ असते. खडक निसरडे असतात, म्हातारी माणसे किनाऱ्यावरच बसवावीत. शंख-पोवळी उचलून आणू नका, तसे करायला मनाई आहे. पाण्यात मगरीचा धोका असल्याच्या पाट्या काही ठिकाणी आहेत. तिथे पोहण्याची मर्दुमकी नको.

शेवटची रात्र पुन्हा शहरात. याबाबतीत कोणाचेही ऐकू नका. वारा सुटला की बोटी रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. आम्ही विमानाच्या आदल्या दिवशी सकाळीच नीलहून निघालो. दुपारी वारा वाढला आणि उशिराची एक बोट निघालीच नाही, असे नंतर कळले. तीत आपल्याकडचेच एक कुटुंब होते, दुसऱ्या दिवशीच्या विमानाचे. त्यांचे पुढे काय झाले ते समजले नाही.

अबर्डीन बाजारातल्या त्याच लॉजमध्ये, त्याच दुकानाच्या पाटीसमोर आम्ही उतरलो. धुतलेले कपडे गॅलरीभर वाळत होते. पहाटे पाचला कोणीतरी दार वाजवले. मोठी आई उभी होती, लुगडे नेसून तयार. "गाडी यायला वेळ आहे ना? मग एकदा तिथवर जाऊन येते." वहिनी आणि अण्णा दोघेही उठून तिच्याबरोबर निघाले, मीही मागून गेलो. जेलचे फाटक बंद होते. तिने चप्पल काढून बाजूला ठेवली, पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग मालकांचे नाव न घेता म्हणाली, "पाहिलं हो." उजाडायला लागले होते. परत येताना तिने एकदाही बसायला मागितले नाही.